पहिलं रंगीत चित्र जोडताना

पुण्याच्या पावसाळ्यात दुर्बीण कपाटात जाते, तेव्हा यानांची कच्ची चित्रं घेऊन बसलास ते झकास. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाचा कॅमेरा कृष्णधवलच. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेली तीन चित्रं एकत्र करून रंग आपण जुळवायचा. सध्या एवढंच सांभाळ:

- फिल्टर नीट वाच. लाल साधारण ६५० नॅनोमीटरचा. ८८९चा अवरक्तातला, मिथेनचा; तो लालच्या जागी घालू नकोस. मी घातला होता. मिथेन तो प्रकाश गिळतो, म्हणून शनी हिरवट-निळा आणि कडी लालभडक! (व्हॉयेजर यानांना मात्र लाल फिल्टरच नव्हता, नारिंगीवर भागवावं लागतं.)
- तिन्ही फिल्टरच्या फ्रेम लागोपाठच्या घे. गुरू अर्ध्या तासात १८ अंश फिरतो, मग फ्रेम जुळत नाहीत आणि त्याच्यावरच्या ठिपक्यांना रंगीत झालर येते.

कॅलिब्रेशनच्या (उजेड-रंग मोजून अचूक करण्याच्या) नादी आत्ताच लागू नकोस. आधी एक चित्र जोडून दाखव.