जादा दायित्व विमा: आधी खालची पॉलिसी बघा

जादा दायित्व विमा म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं, तर नेहमीच्या पॉलिसीच्या मर्यादेवरची भरपाई देणारा विमा. त्याचा हप्ता विचारण्याआधी गाडीची आणि घराची पॉलिसी काढा आणि तिसऱ्या पक्षाच्या (म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याच्या) नुकसानभरपाईची मर्यादा बघा. जादा कव्हर त्याच्या अटीत ठरलेल्या रकमेच्या वर सुरू होतं, म्हणून खालची मर्यादा तिथपर्यंत पोहोचायला हवी. समजा ते 5 लाखांनंतर लागू होतं आणि गाडीची मर्यादा 3 लाखच आहे, तर मधले 2 लाख तुमच्या खिशातून. इथेच फसायला होतं.

रक्कम ठरवताना नुसती मालमत्ता मोजू नका; दावा पुढच्या कमाईवरही येऊ शकतो. कुत्रा, पोहण्याचा तलाव, नवशिका चालक घरात असेल तर मी तरी घ्याच म्हणेन. वकिलाचा खर्च मर्यादेतूनच वजा होतो की वेगळा मिळतो, हे लेखी घ्या. धंद्यातली चूक आणि मुद्दाम केलेलं नुकसान सहसा यात बसत नाही.