सेल्फ फिरतो, पण गाडी उचलत नाही

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी बरीच जुनी आहे. गेले काही आठवडे ती चालता चालता अचानक बंद पडते. चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरतो, इंजिनही फिरतं, पण गाडी काही केल्या उचलत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की एका सेल्फमध्ये सुरू! गॅरेजमध्ये नेली की तिथे मात्र एकदाही बंद पडत नाही. बॅटरी बदलून झाली, प्लग बदलून झाले. आता मेकॅनिक पेट्रोल पंप बदलू म्हणतोय. बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. पंप गेलेला असूही शकतो, पण तसं ठरवण्याइतकं अजून कोणी काही तपासलेलंच दिसत नाही. बॅटरीचंच बघा ना. ती मरतुकडी असती तर सेल्फ रडतरखडत फिरला असता किंवा नुसती टकटक झाली असती. तुमचं इंजिन जोरात फिरतंय. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोघेही आपापलं काम चोख करत होते. तरी बॅटरी बदलली गेली, कारण बदलायला तीच सगळ्यात सोपी.

इंजिन फिरूनही पकडत नाही, तेव्हा पेट्रोल, करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने तयार होणारा दाब) यांपैकी काहीतरी कमी पडतंय. तुमची गाडी थंड झाली की झटक्यात सुरू होते, म्हणजे कॉम्प्रेशनवर संशय घ्यायचं कारण नाही. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल सांभाळणारा पट्टा) तुटला असता तर ती थंड होऊनही सुरू झाली नसती, शिवाय सेल्फ मारताना नेहमीचा हेलकावा न येता इंजिन एकसुरात, मोकळं मोकळं फिरल्यासारखं वाटलं असतं. (असा आवाज कोणाला आला तर त्यांनी तिथेच थांबावं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि प्रत्येक सेल्फगणिक खर्च वाढतो.) तुमच्या बाबतीत प्रश्न उरतो पेट्रोलचा आणि करंटचा, आणि त्याचा निकाल गाडी बंद पडलेली असतानाच लागेल. ती सुरू झाल्यावर गॅरेजमध्ये बॉनेट उघडून बघत बसण्यात अर्थ नाही.

तर पुढच्या वेळी बंद पडली की गाडी सुरक्षित जागी घ्या आणि लगेच सेल्फवर सेल्फ मारू नका. काचा वर, पंखा बंद, रेडिओ बंद. चावी फक्त ‘ऑन’ करा आणि मागच्या सीटकडे कान द्या. बहुतेक गाड्यांत टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाज आलाच नाही, तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा छोटा स्विच) बघायचे. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल, तर तो पंपाच्या जागी लावून बघता येतो, फुकटात उलगडा होतो. त्यानंतर पंपाचा विचार.

आवाज आला, तर आता सेल्फ मारा आणि नजर आरपीएमच्या काट्यावर ठेवा. सेल्फवर इंजिन साधारण २०० ते ३०० आरपीएमने फिरतं, त्यामुळे काटा शून्यावरून जरासा तरी उचलला पाहिजे. तो ढिम्म हलला नाही, तर माझं बोट क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिन फिरतंय का ते ओळखणाऱ्या सेन्सरकडे. एक खबरदारी : काही गाड्यांत सेल्फ मारताना काटा मुळातच हलत नाही. म्हणून उद्या सकाळी गाडी धडधाकट असतानाच एकदा बघून ठेवा.

तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यापासून हाच सेन्सर दिसत होता. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि तो बसलेला असतो इंजिनला लागून, ऐन धगीत. तार कुठेतरी तडकली की गरम झाल्यावर तिचं कनेक्शन सुटतं, गार झाल्यावर पुन्हा जुळतं. या सेन्सरचे ठोके आले नाहीत की इंजिन फिरतंय हेच ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळत नाही. मग तो प्लगचा करंट देत नाही, इंजेक्टर उघडत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांनंतर पंपही बंद ठेवतो. इथेच पंपाचा बळी जातो. मेकॅनिक सेल्फ मारत पंपाचं कनेक्शन तपासतो, करंट नाही किंवा प्रेशर नाही असं बघतो आणि पंप बाद ठरवतो. बिचारा पंप नुसता हुकमाची वाट बघत असतो.

‘गॅरेजमध्ये बंद पडत नाही’ यालाही उपाय आहे. इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि ते चालू असतानाच सेन्सरला हॉट एअर गनने बेताची धग द्यायची. दोष असेल तर गाडी तिथल्या तिथे बंद पडेल. स्कॅनरवर पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड दिसला तर संशय बळावतो, पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरवू नका. सेल्फ मारताना स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आरपीएम येतो का, ते बघायला सांगा. आणि नवा सेन्सर मागवण्याआधी त्याची वायर आणि कनेक्टर नीट बघून घ्या. तेलाने भिजलेला कनेक्टर किंवा कडक होऊन तडकलेली वायर अगदी हेच नाटक करते.

काटा नीट हलतोय, पंपही गुणगुणतोय आणि तरी सुरू होत नाही, असं झालं तर मात्र पंपाचं प्रेशर गेज लावून मोजा. आवाज येतो म्हणजे प्रेशर पुरेसं आहे असं नाही.

एकच विनंती. करंट बघण्यासाठी प्लग काढून हाताने बॉडीला टेकवण्याची जुनी पद्धत कोणालाही करू देऊ नका. हल्लीच्या कॉइलचा दाब हजारो व्होल्टचा असतो, माणसालाही धोका आणि ईसीयूलाही. स्पार्क टेस्टर त्यासाठीच असतो.

प्रश्न : डिझेल गाडीचा फिल्टर घरीच बदलला. तेव्हापासून सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही.

उत्तर : लाइनमध्ये हवा शिरली आहे. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा आणि एअर स्क्रू दिलेला असल्यास तो सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्या. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी चार-सहा वेळा ऑन-ऑफ करा, मग सेल्फ. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये सेल्फला गार होऊ द्या. आणि कोणी एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायला सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करायला तापणारे प्लग) तापलेले असताना तो तिथेच भडकतो.