फ्रोझन मासळीचं युनिट: मागणी आहे, पण हप्ता निघेल का?

ताई, तुमचं पत्र आणि खर्चाचा तक्ता, दोन्ही नीट वाचले. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ राहता, दिरांची होडी आहे. दीड वर्षापासून सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), जवळा, सुके बोंबील आणि कोळंबीचं लोणचं घरून पुण्या-ठाण्याच्या गिऱ्हाइकांना पाठवता. विक्री महिन्याला साधारण 45 हजार, सगळा खर्च जाऊन हातात साडेअकरा हजार. मिस्टर 58 व्या वर्षी नुकतेच निवृत्त झाले, 19 लाख मिळाले. त्यातले 6 लाख आणि बँकेचं 8 लाख कर्ज घालून मसाला लावलेली सुरमई, सोललेली कोळंबी, फिश कटलेट असं फ्रोझन युनिट टाकावं का, हा तुमचा प्रश्न.

या वर्षी टाकू नका. धंदा मात्र जरूर वाढवा, सुक्या मासळीत आणि लोणच्यात.

मागणी वाढतेय हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला, फ्लॅटमध्ये मासळी साफ करायला ना जागा ना वेळ, त्यामुळे साफ करून, पाकिटात बंद होऊन आलेल्या मासळीला शहरात गिऱ्हाईक आहे. तयार आणि टिकवलेल्या मासळीवरचा जीएसटीही सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पण ही मागणी मोठ्या कंपन्यांनाही दिसते. अमेरिकेने 2025 मध्ये आयातशुल्क वाढवल्यावर कोळंबीच्या निर्यातदारांनाही देशातली बाजारपेठ जवळची वाटू लागली. त्यांच्याकडे शीतगृहं आहेत, गाड्या आहेत, भाव पाडून वर्षभर तग धरायची ताकद आहे. गोठवलेल्या सोललेल्या कोळंबीत तुमची गाठ त्यांच्याशी आहे.

आता तुमचाच तक्ता. 8 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, 5 वर्षं: हप्ता सुमारे 17,400. वीज 12 हजार, दोन बायकांचा पगार 20 हजार. म्हणजे एक पाकीट विकलं गेलं नाही तरी महिन्याला जवळपास 50 हजार जाणार. आज तुम्हाला शंभर रुपयांच्या विक्रीमागे साधारण पंचवीस सुटतात. तेवढेच सुटले असं धरलं तरी नुसता हा खर्च भरून निघायला महिन्याला 2 लाखांची विक्री हवी, आजच्या चौपटीहून जास्त. तुमच्या मेहनतीचा मोबदला त्यात अजून धरलेलाच नाही. शिवाय गोठवलेल्या मालाला बर्फाचे खोके आणि वेगळी गाडी लागते, त्यामुळे पंचवीसही सुटतील का, मला शंका आहे. कोळंबीचं डोकं आणि साल काढल्यावर वजन निम्म्यावर येतं, ही घट तक्त्यात कुठेच दिसली नाही.

पुढे हंगाम. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. ती उठते न उठते तोच बहुतेक वर्षी श्रावण, मग पितृपक्ष, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. बँकेचा हप्ता श्रावण पाळत नाही. बंदीच्या दोन महिन्यांत विकायचा माल मे महिन्यातच घेऊन उणे 18 अंशांवर ठेवावा लागेल. त्यासाठी लागणारे दोन-अडीच लाख तुमच्या 14 लाखांत नाहीत, जनरेटरही नाही. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज यायला किती दिवस लागले, ते तुम्हाला मी सांगायला नको. भरलेला फ्रीझर त्यात गेला असता तर कर्ज मात्र तसंच राहिलं असतं.

सुक्या मासळीचं गणित याच्या उलट आहे. फेब्रुवारी ते मे कडक ऊन, मासळी हाताशी, आणि पावसाळ्याच्या बेगमीला मागणी. बंदीचा काळ तुमच्या विक्रीचा काळ ठरतो. वाळू नसलेले, काटेकोर वजनाचे, वास बाहेर न येणाऱ्या पाकिटातले सोडे शहरात चांगल्या भावाने जातात, आणि साध्या पार्सलने जातात. सोलर ड्रायर, पाकीट सील करायचं मशीन, माल किती टिकतो याची प्रयोगशाळेतली तपासणी आणि उन्हाळ्यातली खरेदी, एवढ्यासाठी साडेतीन लाख काढा. त्यापुढे एक रुपयाही नाही. ड्रायर घेण्याआधी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन विचारून या. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी नसेल तर आधी ती करा. आणि बेळगाव किंवा बंगळूरला माल पाठवायचा झाला तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी लागते.

उरलेल्या पैशांपैकी 12 लाख मिस्टरांच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. वय 60 पूर्ण नसलं तरी निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून 3 महिन्यांच्या आत ते खातं उघडू शकतात, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. 8.2 टक्के दर धरला तर दर तिमाहीला 24,600 रुपये येतील. राहिलेले साडेतीन लाख बँकेत ठेवीत, घरच्या अडीअडचणीसाठी. त्याला धंद्यासाठी हात लावायचा नाही.

केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेच्या 35 टक्के अनुदानाबद्दल एजंटने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. अनुदान मिळतं, कमाल 10 लाखांपर्यंत, पण ते हातात येत नाही. बँकेत वेगळं पडून राहतं आणि 3 वर्षं कर्जखातं नियमित राहिलं तरच कर्जात वळतं होतं. तोवर हप्ते तुमचेच. योजना सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, ते जिल्हा कृषी कार्यालयात स्वतः विचारा.

दोन पावसाळे काढून सुक्या मासळीची आणि लोणच्याची विक्री महिन्याला सव्वा लाखावर टिकली, तर फ्रोझनचा तक्ता नव्याने मांडू, जनरेटर आणि मालात अडकणारे पैसे धरून. तेव्हाही घर तारण देऊ नका. लहान उद्योगाला 20 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी (एप्रिल 2026 आधी ही मर्यादा 10 लाख होती) बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.