गिरणीतले डॉलर?

प्रश्न : मी अमेरिकेच्या जुन्या कागदी नोटा जमवतो. १७७६च्या काँटिनेंटल नोटेवर (स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसनं काढलेल्या) ‘स्पॅनिश मिल्ड डॉलर’ देण्याचं वचन आहे. एका मराठी लेखात त्याचे ‘गिरणीतले डॉलर’ झालेले वाचले. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. ही पिठाची गिरणी नव्हे. इथलं ‘मिल’ म्हणजे नाणी पाडायचं यंत्र. हातोड्यानं ठोकलेल्या नाण्याची कड चोरून कातरता येई. यंत्रातलं नाणं नीट गोल आणि त्याच्या कडेला नक्षी, त्यामुळे कातरलं की लगेच उघडं पडे. स्पेनच्या ताब्यात असलेल्या मेक्सिकोच्या टांकसाळीत असे डॉलर १७३२पासून निघू लागले. तेव्हा ‘यंत्रपाडी डॉलर’ म्हणा. आणि हो, नाणी ‘पाडतात’, ‘छापतात’ त्या नोटा! ‘नवी नाणी छापली’ ऐकून ऐकून कान किटले.

पण खरी मौज ‘डॉलर’मध्ये आहे. बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) योआखिम्सथाल नावाचं चांदीच्या खाणींचं गाव. सोळाव्या शतकात तिथं पडलेलं नाणं ते ‘थालर’, डच तोंडी ‘दालडर’, इंग्रजांकडे ‘डॉलर’. जर्मन ‘थाल’ म्हणजे दरी. निआंडरथल माणूस सापडला तोही निआंडरच्या दरीतच. म्हणजे तुमच्या संग्रहातली नोट आणि तो आदिमानव शब्दानं चुलतभाऊ!

यावर आमचे काही संस्कृतप्रेमी ‘थाल म्हणजे आपलं तल, तळ’ असं ठोकून देतात. पण इंग्रजी ‘डीड’ (कृत्य), जर्मन ‘टाट’, संस्कृत ‘धा’ ही मालिका बघा: इंग्रजीत ‘ड’, जर्मनमध्ये ‘ट’, तिथं संस्कृतात ‘ध’. इंग्रजी ‘डेल’ (दरी), जर्मन ‘टाल’ (जुनं स्पेलिंग ‘थाल’) त्याच चालीचे. म्हणजे संस्कृतात ‘ध’ हवा, ‘त’ नव्हे. नुसता कान लावून व्युत्पत्ती होत नसते.

त्या स्पॅनिश डॉलरचे आठ रेआल (स्पेनचं छोटं चलन). सुट्टे नसले की लोक छिन्नीनं नाणंच तोडत. त्या तुकड्यांना ‘बिट’ म्हणत, म्हणून अमेरिकेत ‘टू बिट्स’ म्हणजे पाव डॉलर, आपली पावलीच म्हणा ना. १७७६च्या फेब्रुवारीत तर त्या अमेरिकी काँग्रेसनं एक षष्ठांश, एक तृतीयांश डॉलरच्याही नोटा काढल्या. कागदाला छिन्नी कशी लावणार? आपण मात्र अजून नोट ‘मोडतो’ आणि दुकानदाराला ‘मोड आहे का’ विचारतो. हा शब्दही तोडलेल्या नाण्यांच्या काळातलाच असावा, असं माझं मत आहे. कोशकार खुशाल नाकं मुरडोत.