घर बांधताना बिल्डिंग कोड वाचायचा कसा?

प्रश्न असा दिसतोय की दुमजली घराचं प्लॅनिंग चाललंय, कोडचं, म्हणजे बांधकामाच्या नियमांचं, पुस्तक डाउनलोड केलं, थोडी पानं वाचून डोकं गरगरलं, आणि तिकडे आर्किटेक्ट म्हणतो बेडरूमची खिडकी आणि जिना दोन्ही बदला, तर हे खरंच लागतं का.

लागतं हो. पण पान एकपासून वाचत बसू नका, त्याने काही हाती लागत नाही.

आधी तुमच्याकडे कायद्याने लागू काय आहे ते शोधा. अमेरिकेतला इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड घ्या नाहीतर भारतातला नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, ही मुळात नमुना पुस्तकं आहेत, राज्य किंवा स्थानिक संस्था आपल्या नियमात घेते तेव्हाच ती बंधनकारक होतात, तेही बऱ्याचदा फेरफार करून. अमेरिकेतला तो कोड दर तीन वर्षांनी नवा निघतो पण गावोगावी जुनी आवृत्ती चालू असते. म्हणून परमिट देणाऱ्या ऑफिसात विचारायचं, कुठली आवृत्ती आणि स्थानिक बदल कुठले. मग व्याख्यांचं प्रकरण वाचा, सगळे ते सोडून पुढे पळतात. बाथरूम, पॅसेज, स्टोअर रूम ही राहण्याची खोली धरत नाहीत, त्यामुळे प्लॅनवर स्टोअर लिहून नंतर तिथे पलंग टाकला की त्या खोलीला बेडरूमचे नियम लागतात.

आता खिडकी. वरच्या अमेरिकन कोडची मापं उदाहरणाला घेतो. बेडरूममधून आगीच्या वेळी बाहेर पडता यावं आणि पाठीवर श्वासासाठी हवेचा सिलेंडर घेतलेला अग्निशामक आत येऊ शकावा म्हणून मोकळी जागा ५.७ चौरस फूट लागते, तळमजल्याच्या पातळीला ५ चालते. रुंदी कमीत कमी २० इंच, उंची २४ इंच. लोक काय करतात, दोन्ही किमान मापं धरून २० बाय २४ ची खिडकी काढतात, पण गुणाकार करा की, साडेतीन चौरस फूटही भरत नाही! आणि मोजायचं ते उघडल्यावर जे रिकामं उरतं ते. ४ बाय ३ ची स्लायडिंग कागदावर १२ चौरस फूट, उघडते अर्धी म्हणजे ६, त्यातून फ्रेमची जाडी वजा केली की नापास व्हायची चांगलीच शक्यता. ग्रिल लावलं तर ते आतून किल्ली किंवा हत्यार न वापरता उघडलं पाहिजे.

जिन्यात खरी गंमत आहे. हाच अमेरिकन कोड पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच म्हणजे १९६ मिमी ठेवतो, इंग्लंडमध्ये घरातल्या जिन्याला २२० मिमी चालते. म्हणजे आकडा देशागणिक बदलतो, पण एकाच जिन्यातल्या पायऱ्या सारख्या हव्यात हे सगळीकडे आहे, कारण पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि पुढे माणूस खाली बघतच नाही. अमेरिकेत सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत ९.५ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. घोळ होतो तो फिनिशमुळे. समजा काँक्रीटमध्ये सगळे राइझर, म्हणजे पायरीच्या उभ्या उंच्या, अगदी १५० मिमीचे काढले, मग खालच्या आणि वरच्या मजल्यावर ५० मिमीचं फ्लोरिंग आणि पायऱ्यांवर २० मिमीचा दगड बसला, तर पहिली पायरी १२० ची होते आणि शेवटची १८० ची, मधल्या मात्र १५०. सेंटरिंगवाल्याची, म्हणजे काँक्रीटचा साचा लावणाऱ्याची, काही चूक नाही, त्याला फिनिश लेव्हल कोणी सांगितलीच नव्हती. त्यामुळे ड्रॉइंगवर दोन्ही मजल्यांची फिनिश जाडी लिहून घ्या, सेंटरिंग लागायच्या आधी, नंतर तोडफोडीशिवाय इलाज नाही.

कठड्याचं एकच सांगतो, १०० मिमीचा गोळा फटीतून जाता कामा नये, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. प्रत्येक नियमाला असं कारण असतं, ते कळलं की आकडा पाठ करावा लागत नाही. आणि नियमाखालचे अपवाद आणि तक्त्यांच्या तळटीपा जरूर वाचा, बरीच सूट तिथेच मिळते.

आर्किटेक्टला सरळ कलम क्रमांक मागा, चांगला माणूस असेल तर रागावणार नाही. आणि जे झाकलं जाणार आहे, म्हणजे फूटिंगच्या (पायाच्या) सळया, भिंतीतली वायरिंग, पाइप, ते इन्स्पेक्शनच्या आधी झाकू देऊ नका, कॉन्ट्रॅक्टर कितीही घाई करू दे, कारण इन्स्पेक्टरने उघडून दाखवा म्हटलं तर परत बांधायचा खर्च तुमचाच.