बारवरून ढकललेला बॉल

डब्लिन, रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल गेलिक फुटबॉलची मॅच संपल्यावर न बोलता बसस्टॉपकडे निघून गेलास. काकूनं तुझ्यासाठी दिलेला डबा गाडीतच राहिला, शेवटी मीच संपवला. तीन गोल खाल्ले म्हणून तोंड पडलं असणार. पण त्यातला एकही तुझ्या हातातून सुटलेला नव्हता. मला बोलायचंय ते पायाबद्दल.

आधी माझी फजिती ऐक. कोल्हापुरात पेठेच्या टीमला मी सहा वर्षं गोलकीपर होतो, तुझ्यासारखाच. इथं आल्यावर क्लबच्या तिसऱ्या टीमला कीपर मिळेना म्हणून मला उभं केलं. पहिल्याच मॅचला वरच्या कोपऱ्यात घुसणारा बॉल मी झेप घेऊन बोटांनी बारवरून ढकलला. शाहू स्टेडियमवर एवढ्यावर अख्खी गॅलरी उठली असती. मी टाळ्यांची वाट बघत चिखलातून उठलो, तर मागं पांढरा कोट घातलेले एक आजोबा शांतपणे पांढरा झेंडा हलवत होते. बारवरून गेला की पॉइंट! हिरवा झेंडा म्हणजे गोल; तो हलला असता तर तीन पॉइंट गेले असते, म्हणून बॅकवाल्यानं पाठ थोपटली. पण त्या दिवशी कळलं, की आपण ज्याला फुटबॉल म्हणत आलो तो हा नव्हे. इथला गोल साडेसहा मीटरचा, आपल्यापेक्षा पाऊण मीटरहून जास्त अरुंद. बार थोडा उंच, आणि खांब वर आभाळात गेलेले. वरून जाणाऱ्या बॉलला तू काही करू शकत नाहीस, आणि पॉइंट तर बहुतेक वरूनच होतात.

मग कीपरला काम काय? तू गोल मोजतोस. मी काल तुझे किक-आउट, म्हणजे गोलसमोरून बॉल परत खेळात आणायच्या किक, मोजत होतो. एकवीस. त्यातले बारा त्यांच्या हातात गेले, आणि तीनपैकी दोन गोल त्यातूनच आले. समोरच्यानं पॉइंट केला, गोल केला किंवा बाहेर मारला, प्रत्येक वेळी बॉल तुझ्याकडंच येतो. सेव्ह तीन-चार करायला मिळतील. किक-आउट वीस.

हे सगळ्या आयर्लंडला शिकवलं डब्लिनचा कीपर स्टीफन क्लक्स्टननं. पूर्वी कीपर डोळे मिटून लांब भिरकावायचा, आणि मध्यभागी उंच गड्यांची झोंबाझोंबी व्हायची. क्लक्स्टन बॉल ठेवायचा, मान वर करायचा आणि डाव्या पायानं, मोकळ्या जागेत धावायला सुरुवात केलेल्या माणसाच्या पुढ्यात द्यायचा. समोरची टीम पॉइंटचा आनंद करून वळेपर्यंत बॉल त्यांच्या पाठीमागं गेलेला असायचा. जुन्या मॅच लावशील तेव्हा बॉल सोडून त्याच्या डोक्याकडं बघ. मारायच्या आधी मान किती वेळा फिरते ते मोज.

फक्त त्याची आखूड किक उचलू नकोस. २०२५ पासून किक-आउट गोलपासून चाळीस मीटरवरच्या कमानीपलीकडं जायलाच हवी. आपल्या अर्ध्यात सहकाऱ्याकडून परत पास घ्यायचा तर तुम्ही दोघंही गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात हवेत. म्हणजे बाजूच्या बॅकला हळूच देऊन मोकळं होणं संपलं. गंमत म्हणजे हे नियम ज्या समितीनं आणले तिचा अध्यक्ष जिम गॅविन, क्लक्स्टनच्याच डब्लिनचा जुना मॅनेजर. आता लांब मारूनही नेम हवा. त्यासाठी मोनाहन काउंटीचा कीपर रोरी बेगनचा पाय बघ. तो लांबून फ्री (फ्री किक) मारून पॉइंट काढतो, आणि २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये किकर म्हणून नशीब आजमावून आला.

आता तिसऱ्या गोलनंतर तू खांबाला लाथ मारलीस त्याबद्दल. क्लक्स्टन २००१ मध्ये डब्लिनकडून उतरला. २००३ मध्ये आर्मा काउंटीविरुद्ध समोरच्या खेळाडूला लाथ मारली म्हणून रेड कार्ड मिळालं, डब्लिनच्या मोठ्या क्रोक पार्क मैदानावर. डब्लिन हरलं. वय एकवीस, म्हणजे तुझ्याएवढाच. त्यानंतर सॅम मॅग्वायर कप, म्हणजे सगळ्या आयर्लंडच्या विजेत्याचा कप, हाती यायला २०११ उजाडलं. त्या फायनलला शेवटची काही मिनिटं उरली असताना समोरची केरी काउंटी चार पॉइंटनी पुढं होती. डब्लिननं ओढत बरोबरी गाठली, आणि इंज्युरी टाइममध्ये मिळालेली फ्री मारायला कीपर आपला गोल सोडून पुढं आला. मारली. डब्लिन १ गोल १२ पॉइंट, केरी १ गोल ११. तो वळून परत गोलकडं धावत गेला. मला मात्र त्या फ्रीपेक्षा दुसरा हिशेब आवडतो. केरीनं एकूण बारा वेळा स्कोअर केला, म्हणजे त्या दुपारी निदान बारा वेळा तरी त्यानं मार खाल्ल्या खाल्ल्या बॉल जागेवर ठेवून मान वर केली.

बाकी तुला ठाऊक आहे. २०१३ पासून कॅप्टन, सात वेळा कप उचलला. २०१९ च्या पहिल्या फायनलला पॉल गीनीची पेनल्टी अडवली. ती मॅच बरोबरीत सुटली, रिप्ले जिंकून सलग पाचवा कप. २०२१ आणि २०२२ मध्ये खेळला नाही. सगळ्यांनी निरोप देऊन टाकला होता. २०२३ मध्ये एका दिवशी यादीत नाव, आणि जुलैत एक्केचाळिसाव्या वर्षी नववं मेडल. हे सगळं शाळेत मास्तरकी करून. या खेळात पगार नाही, बाळ, त्यामुळं सेमिस्टरची फी आणि थीसिस सोडून काही करू नकोस. तुझ्या आईला मी शब्द दिलाय.

काल मी नीट बघितलं. तू बॉल ठेवतोस, खाली बघतोस, तीन पावलं मागं जातोस आणि खालीच बघत मारतोस. मागं जातानाच मान वर हवी. डावीकडं तो लाल केसांचा पोरगा दर वेळी हात वर करून मोकळा उभा होता. तुला एकदाही दिसला नाही.

शनिवारी दहाला ग्राउंडवर ये. बॉलची पिशवी मी आणतो, लाल केसवाल्यालाही बोलावलंय. वीस किक मारायच्या, आणि प्रत्येकीआधी त्यानं किती बोटं वर केली ते मला ओरडून सांगायचं. पाऊस असला तरी ये, इथं तो असणारच. दातांवरचं गमशील्ड घरी विसरू नकोस, त्याशिवाय खेळता येत नाही. आणि या वेळी डबा परत न्यायला लावू नकोस, काकू विचारते.

तुझा,
काका