स्टेज ३ की स्टेज ५? आधी टॉर्क बघा, मग क्लच

तुमचं सगळं नीट वाचलं. टर्बो बदललाय, ट्यून झालंय, डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) चाकांपाशी ४३० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, आलाय आणि आता चौथ्या गिअरला ३००० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की काटा सुसाट वर जातो पण गाडी काही त्या हिशोबात पळत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. रोज ऑफिसला हीच गाडी, ट्रॅकवर वर्षातून दोनतीनदा. आणि प्रश्न असा की क्लच स्टेज ३ चा घेऊ की स्टेज ५ चा, आणि सोबत हलकं फ्लायव्हील (इंजिनाच्या मागची जड चकती, क्लच तिच्यावरच बसतो) टाकू का.

स्टेजचं आधी डोक्यातून काढा राव. स्टेज हे काही माप नाहीये, प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने नंबर देते, एकाची स्टेज २ दुसऱ्याच्या स्टेज ४ एवढी पकडू शकते. विचारायचं एकच, टॉर्क कपॅसिटी किती आणि ती क्रँकपाशी (इंजिनाच्या मुख्य शाफ्टपाशी) धरलीय की चाकांपाशी. आणि तुम्ही "३८० हॉर्सपॉवरसाठी क्लच" म्हणताय ना, क्लचला हॉर्सपॉवर कळतच नाही. ४०० हॉर्सपॉवर ७५०० आरपीएमला काढणारं इंजिन त्या वेळी साधारण ३७५ न्यूटन मीटर देत असतं, तेच ४०० एखादं टर्बो इंजिन ४००० ला काढत असेल तर टॉर्क ७०० च्या घरात जातो. पहिल्यात निवांत चालणारा क्लच दुसऱ्यात पहिल्याच चढाला धूर काढेल. तुमचे चाकांपाशी ४३०, म्हणजे मधे १५ टक्के जातात असं धरलं तर क्रँकपाशी ५०० च्या आसपास. त्यावर २० टक्के वरकड धरा, ६०० न्यूटन मीटरचा क्लच बघा. ९०० वाला नको, का ते पुढे सांगतो.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या की क्लच खरंच कमी पडतोय. कधीकधी क्रँकचा मागचा ऑइल सील गळत असतो आणि प्लेटवर ऑइल आलेलं असतं, किंवा पेडलला फ्री प्लेच (सुरुवातीची मोकळी हालचाल) उरलेला नसतो त्यामुळे क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग त्याला कायम थोडं दाबून ठेवतं. अशा वेळी कितीही भारी क्लच टाका, तोही घसरणार. आणि तोपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन "अजून स्लिप होतो का" हे रोज तपासू नका. क्लच ४५० न्यूटन मीटर ओढतोय आणि इंजिनाची आणि गिअरबॉक्सची अशा दोन बाजूंत फक्त ३०० आरपीएमचा फरक आहे एवढं जरी धरलं तरी १४ हजार वॅटची उष्णता तिथे तयार होते. दहाबारा रूम हीटर एका ताटलीएवढ्या जागेत. तो जळका वास उगाच येत नाही.

आता क्लचची पकड कशाने वाढते? प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) दाब, क्लच प्लेटच्या मटेरियलचं घर्षण, प्लेटचा व्यास आणि घासणाऱ्या बाजू किती, बस. व्यास तुमच्या हातात नाही, बेल हाउसिंगमधे (क्लच ज्या कव्हरात बसतो त्यात) जेवढी मावते तेवढीच प्लेट. राहिले तीन, आणि प्रत्येकाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते.

दाब वाढवला की पेडल जड होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तोच जास्तीचा दाब प्रत्येक वेळी पेडल दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारं) जातो हे कोणी सांगत नाही. म्हणून जड प्रेशर प्लेट टाकली की सिग्नलला गिअरमधे टाकून पेडल दाबून बसायची सवय सोडायची, न्यूट्रल करायचं. पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारे जुने मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरही अशा वेळी गळायला लागतात.

मटेरियल ही खरी मेख आहे, इथेच लोक फसतात, मी पण फसलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या गाडीत साधारण तुमच्याएवढाच टॉर्क होता आणि एका विक्रेत्याने मला चार पकची (पूर्ण गोलाऐवजी घासणारे चार सुटे तुकडे) सिरॅमिक प्लेट दिली, मधे स्प्रिंग नसलेला सॉलिड हब (प्लेटचा मधला भाग), म्हणाला आता पुढची काळजीच नको. पकड जबरदस्त होती यात वाद नाही. पण ट्रॅफिकमधे? सिरॅमिकला मधलं काही ठाऊकच नसतं, एकतर सुटलेला नाहीतर चिकटलेला. पुढच्या गाडीमागे हळूच दोन फूट सरकायचं म्हटलं तरी गाडी बेडकासारखी उड्या मारायची, बायकोने दोन दिवसांत बसणं सोडलं. अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकनंतर डावा पाय उतरल्यावर थरथरायचा. पाचसहा महिन्यांनी ड्राइव्हशाफ्टचा सीव्ही जॉइंट गेला, आणि गिअरबॉक्स खाली घेतला तर इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (ज्यावर प्लेट बसते ते दाते) ठोके खाऊन खाऊन पायऱ्या पडल्यासारखे झिजलेले. फ्लायव्हीलवर नाण्याएवढे निळे डाग आणि त्यातून केसासारख्या बारीक चिरा. क्लच मात्र ठणठणीत! झटका कुठेतरी जिरायला लागतो हो, क्लच थोडाही सरकत नसेल तर तो पुढच्या सगळ्या पार्टनी खायचा. म्हणून म्हटलं ९०० वाला नको.

त्या मानाने ऑरगॅनिक फुल फेस (पूर्ण गोल घासणारी) प्लेट साधी वाटते पण रोजच्या गाडीला तीच सुखाची. घर्षण सिरॅमिकपेक्षा कमी, फार तापली की पकड ढिली होते, पण हाफ क्लचला गाडी लोण्यासारखी उचलते आणि फ्लायव्हीलही खात नाही. केव्हलर म्हणाल तर मऊ आहे, टिकतेही खूप, पण तिला बसायला बराच वेळ लागतो आणि एकदा नीट तापून चकाकली की परत पहिल्यासारखी होत नाही, त्यामुळे ट्रॅकवर लाँच मारणाऱ्याला (रेस करून झटक्यात क्लच सोडत निघणाऱ्याला) मी ती सुचवत नाही. एका बाजूला ऑरगॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिकचे तुकडे अशाही प्लेटा मिळतात, तो मधला मार्ग, थोडे झटके सहन करायची तयारी असेल तर वाईट नाही. काहीही घेतलंत तरी मधे डॅम्पर स्प्रिंग असलेला हब आणि दोन फेसिंगच्या (घासणाऱ्या थरांच्या) मधे लाटेसारखी पातळ कुशन पट्टी आहे ना हे हातात घेऊन बघा. गाडी हळूच उचलणं त्या पट्टीवरच असतं.

तिसरा उपाय ट्विन डिस्क. एका प्लेटला घासणाऱ्या दोन बाजू, दोन प्लेटांना चार, म्हणजे त्याच दाबात जवळपास दुप्पट पकड, पेडल हलकं राहतं. कागदावर एकदम परफेक्ट. पण पेडल दाबलं की मधली प्लेट सुटी होऊन खडखड करते (नवीन माणूस दचकतो, गाडी मोडली की काय), आणि दोन प्लेटा सुटायच्या तर पेडलचं सेटिंग काटेकोर लागतं, नाहीतर रिव्हर्स पडताना किरकिर. तुमच्या ५०० साठी मला ती गरज वाटत नाही. मात्र पुढच्या वर्षी अजून मोठा टर्बो टाकून ७०० कडे जायचं डोक्यात असेल तर आत्ताच ट्विन घ्या, गिअरबॉक्स दोनदा उतरवण्यात काही मजा नाही.

फ्लायव्हीलचं बोलू. तुमच्या गाडीत ड्युअल मास (दोन भागांचं फ्लायव्हील) आहे का ते पहिलं बघा. त्याच्या पोटातच स्प्रिंगा असतात म्हणून ओरिजिनल प्लेटला कधीकधी मधे स्प्रिंग नसतात. ते काढून सिंगल मास टाकलंत आणि प्लेटही बिनस्प्रिंगची, तर इंजिनाचे सगळे धक्के थेट गिअरबॉक्समधे. सिंगल मासवर स्प्रिंगवाल्या प्लेटनेही आयडलला न्यूट्रलमधे डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ शकतो, पेडल दाबलं की बंद होतो, त्याने बिघडत काही नाही पण ऐकायची तयारी ठेवा. आणि अगदी हलकं घेऊ नका. हलक्या फ्लायव्हीलने काटा पटकन नाचतो, छान वाटतं, पण गाडी उचलताना इंजिन बंद पडायला बघतं, मग तुम्ही जास्त रेस करून जास्त हाफ क्लच मारणार आणि नवी प्लेट तिथेच झिजवणार. रोजच्या गाडीला मध्यम वजनाचं स्टीलचं बास झालं.

म्हणजे तुमच्या जागी मी असतो तर ६०० न्यूटन मीटरची, स्प्रिंगवाली, ऑरगॅनिक फुल फेस प्लेट, तिला दमदार प्रेशर प्लेट आणि मध्यम फ्लायव्हील. माझ्याकडे आता हेच आहे, तीच गाडी.

बसवताना रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, मागचा ऑइल सील, फ्लायव्हीलचे बोल्ट हे सगळं नवीन. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा इथे पैसे वाचवणारा पुढे दुप्पट मजुरी भरतो. फ्लायव्हीलवर गंज लागू नये म्हणून ऑइल मारलेलं असतं, ते क्लीनरने पुसा आणि नंतर ऑइलचा हात लावू नका. स्प्लाइनवर ग्रीस नावापुरतं, जास्त लावलं तर फिरताना उडून थेट प्लेटवर. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करत टॉर्क रेंचने, एका बाजूने आवळत गेलात तर कव्हर वाकतं आणि मग क्लच नीट सुटत नाही. पेडल वाजवीपेक्षा जास्त खाली जात असेल तर स्टॉप लावा, प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं जास्त दाबली गेली की गेली.

आणि पहिले ८०० किलोमीटर शांतपणे शहरात चालवा. हायवेचे ८०० मोजू नका, पाचव्या गिअरला क्लच काही घासत नाही, बसायला त्याला थांबणं आणि निघणंच लागतं. तोपर्यंत बूस्ट (टर्बोचा दाब) कमी ठेवा, लाँच नाही, मित्राला दाखवायला सुद्धा नाही. मग परत तीच चौथ्या गिअरची ३००० ची टेस्ट करा, एकदाच.